पाचवरचा थेंब

मुखेडच्या बसस्थानकासमोरच्या मोबाईलच्या दुकानातला तो माणूस दर वाक्याला "टेन्शन न्हाई" म्हणतो. जुनं नेटवर्क बंद होणार म्हटल्यापासून त्याच्याकडं सिम आणि फोन बदलायला रांग असते.

परवा माझ्यापुढं एक आंधळे म्हातारे होते. "लेकीचा नंबर बोटानं चाचपून लावतो. नव्या फोनवर जमंल का?"

"टेन्शन न्हाई, मामा."

त्यानं बटणांचा नवा फोन घेतला, स्वतःचे डोळे मिटले आणि नंबर लावायला लागला. दोनदा चुकला. रांग कुरकुरली. बोटाला मधलं बटण कळावं म्हणून त्यानं पाचच्या बटणावर फेविकॉलचा थेंब ठेवला, वाळेपर्यंत फुंकर घातली. मग फोन मामांच्या हातात दिला. त्यांचा नंबर पहिल्याच खेपेला लागला.

"बाबा, आवाज लई साफ यायलाय!" लातूरहून लेक स्पीकरवर म्हणाली.

"पुढं कोण हाय?" दुकानदारानं रांगेला विचारलं.

आता घाई कुणालाच नव्हती.