मामांचा रिलीव्हर

एका इमारतीसाठी वर्षानुवर्षं सुतक पाळणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. इमारत तरी कसली, तर गावाबाहेर होटगीच्या अंगाला रुळांच्या कडेला उभी असलेली रेल्वेची सिग्नल केबिन. खाली दगडी जोतं, वर चारी बाजूंनी काचा, बाहेरून लोखंडी जिना. मामा तिथे केबिनमन होते. ती नवी बांधली तेव्हा साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि भिंतींचा ओलावा गेला असेल नसेल तोच सगळे सिग्नल स्टेशनातल्या एका खोलीत बटणांवर गेले नि केबिनीला कुलूप लागलं. "आमच्या म्हशीनं हिच्यापरीस जास्त दिस काढले," असं मामा म्हणतात, आणि ते खरं आहे. ती म्हैस मी पाहिलेली आहे. तेव्हापासून मामांनी पेढा तोंडात घातलेला नाही. माझ्या लग्नात मी स्वतः पुढे केला, तर परत ताटात ठेवून म्हणाले, "पेढा खाल्ला की मागनं कुलूप लागतंय." नवरदेवाला हे सांगायचं काही कारण होतं का?

अशा अल्पायुषी केबिनी त्यांना पुण्यापर्यंतच्या सगळ्या पाठ आहेत. गाडीत खिडकीशी बसून ते प्रत्येक पडक्या केबिनीकडे बोट दाखवतात आणि ती कशी गेली हे सांगतात. एक केबिन रूळ दुहेरी झाल्यावर गेली, एक विजेच्या तारा आल्यावर, आणि एकीत तर म्हणे सिग्नल ओढायचे लिव्हर, म्हणजे लोखंडी दांडे, बसवायच्या आधीच बंदचा हुकूम आला. समोरच्या बाकावरची माणसं आधी हळहळतात, मग जागा बदलतात. सुरुवातीला मला हसू यायचं. आता माझंही डोकं फिरतं. अरे, बंदच करायची होती तर बांधलीत कशाला? आणि बांधलीत तर तिथे जीव लावणारा माणूस कशाला नेमलात?

केबिन गेली, पण केबिनीची शिस्त मामांनी घरी आणली. लिव्हरला उघडा हात लावायचा नसतो, घामाने लोखंड गंजतं, म्हणून केबिनमन हातात फडकं धरून लिव्हर ओढतो. मामा आजही फ्रीज, कपाट, न्हाणीघराची कडी, सगळं फडक्याने उघडतात. एकदा चुकून तेच फडकं भाकरीच्या टोपल्यावर पडलं, तेव्हा मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. तसंच ते नंबरांचं. केबिन आणि स्टेशन मास्तर फोनवर एकमेकांना गुप्त नंबर देत, म्हणजे निरोप खरा मानायचा. मामी "जेवायला चला" म्हणाल्या की मामा आतून विचारतात, "नंबर?" भूक लागलेल्या पाहुण्यांसमोर मामी निमूटपणे कुठला तरी आकडा सांगतात, मामा तो मोठ्याने परत म्हणतात, आणि मगच पाटावर येतात. मी मामींच्या जागी असतो तर टोपलंच फेकून मारलं असतं.

पण मामांचं खरं दुखणं वेगळंच. केबिनीचा नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, वर येऊन "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. शेवटच्या दिवशी शेवटची पाळी मामांची होती. पाळी संपली, रिलीव्हर आला नाही. त्यांनी फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं की केबिनच उरली नाही, रिलीव्हर कसला मागता, कुलूप लावा आणि घरी जा. पुढे पार्सल ऑफिसात बदली झाली, निवृत्ती झाली, पेन्शन सुरू झाली. मामांचं म्हणणं मात्र हलत नाही: "मला कुनी सोडवलंच न्हाय. मी अजून तितंच ड्युटीवर हाय." आणि म्हणून रोज सकाळी ते सायकलवर तिथे जातात, जिना झाडतात, परत येतात.

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या लाइनसाठी केबिन पाडायचं ठरलं. सकाळीच मामींचा फोन आला, की मामा वर जाऊन बसलेत. मी मामींना स्कूटरवर घेऊन पोचलो तेव्हा जेसीबी घुरघुरत उभा होता, मुकादम पोलिसांना बोलवायची भाषा करत होता, आणि काचा फुटलेल्या खिडकीतून मामा एवढंच सांगत होते की रिलीव्हर द्या, उतरतो. मी वर गेलो आणि चार्ज घेतो म्हणालो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी जावई. जावयाला ड्युटी लावत न्हाईत," म्हणून मला परत पाठवलं. जेसीबीवाल्या पोराने भल्या मनाने विचारलं, मी येऊ का. त्याला उत्तर मिळालं, की पाडणाऱ्याच्या हातात केबिन देता येत नाही. मला इतका संताप आला, मामांचा, रेल्वेचा, त्या दिवशी फोनवर बोललेल्या त्या अनोळखी माणसाचा. दोन शब्द बोलायला एक माणूस पाठवला असता तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात मामी जिना चढू लागल्या. गुडघ्यांमुळे घरी माळ्यावरही न चढणारी बाई, कठड्याला धरून एकेक पायरी वर गेली. मामांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चार्ज घेतला मी. जावा तुमी."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि खाली आले. इतक्या वर्षांनी माणूस ड्युटीवरून सुटला होता.

मामी मात्र उतरेनात. मुकादमाने हाक मारली, "मावशी, या की खाली." मामी खिडकीशी आल्या.

"लगीन झाल्यापास्नं ड्युटीवर हाय मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रागाने कापत होता. "मला सोडवायला कोन येतंय?"

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. मामा जिन्याखाली मान वर करून उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठला नियम आठवत नव्हता. शेवटी म्हणाले, "ये खाली. रोज सांजचा चार्ज माझा."

"म्हंजे सैपाक?"

"व्हय."

मग त्या उतरल्या. केबिन पडायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. मामांनी पाठ फिरवली नाही.

परवा संध्याकाळी सहज त्यांच्याकडे गेलो. आतून काहीतरी करपल्याचा वास येत होता आणि भांडी आपटत होती. मामी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसल्या होत्या. आत काही खणकन पडलं की त्या अर्ध्या उठत, आणि मग दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून पुन्हा खाली बसत.