ग्यानबाचं करडू

शिरड शहापूरच्या ग्यानबाचे कान मोठे तिखट. मेंढरं राखायचा तेव्हा डोळे मिटून सांगायचा, कळपात कोण खोकललं. ब्याण्णव साली वारंगा फाट्याच्या तपासणी नाक्यावर चौकीदार म्हणून लागला, तर ट्रक वळणावर असतानाच म्हणायचा, "उठा, हिरासिंग येऊन राहिला." अन् हिरासिंगच यायचा.

दोन हजार सात साली नाक्यावर एक पिवळं यंत्र आलं. शिकवायला आलेले साहेब नाकात बोलायचे, "भंगारात, पोत्यात, कुठंही किरणोत्सर्गी वस्तू असू शकते. कुणी चुकून आणेल, कुणी घातपातासाठी. यंत्र टिकटिकलं की गाडी थांबवायची, माणसं लांब करायची, मला फोन करायचा." 'किरणोत्सर्ग' काही ग्यानबाच्या जिभेवर बसेना. त्यानं त्याचा 'किरण उत्सव' केला. आणि काखेत बसून ओरडतं म्हणून यंत्राचं केलं करडू.

पहिल्याच महिन्यात करडू बोंबललं. ग्यानबानं दोन तास हायवे अडवला. निघालं काय, तर पोटॅश खत! त्यातही जरा जरा किरण असतात म्हणे. साहेब फणकारले, "पुन्हा फुकटचा फोन आला तर यंत्र जमा कर अन् बस बांबू वर-खाली करत." तेव्हापासून चहावाली नीलाबाई विचारायची, "ग्यानबाभाऊ, माह्या साखरंत हाय का उत्सव?" तो हसायचा, पण करडू रोज सदऱ्याच्या बाहीनं पुसायचा. उभ्या जन्मात एवढी जोखमीची वस्तू त्याच्या हाती कुणी दिली नव्हती.

एका सकाळी नांदेडचा हिरासिंग वसमतची हळद भरून आला. एकटाच, क्लीनरसुद्धा नाही. पंधरा वर्षं ग्यानबाच्या खांद्याला खांदा लावून चहा पिणारा गडी आज कप घेऊन पार लिंबाखाली जाऊन बसला.

"काहून रं? आमचं बाकडं टोचून राहिलं का?"

"नहीं यार, इथंच बरंय."

"बरं बरं. मोठा झालास!"

रुसलेला ग्यानबा ट्रकभोवती फिरला. करडू गप्प. सही घ्यायला लिंबाकडं वळला, तर करडू किंचाळायलाच लागलं. ट्रककडं गेला, गप्प. हिरासिंगकडं आला, टिकटिकटिकटिक!

ग्यानबानं फोन काढला, पुन्हा खिशात घातला. फोन करावा आणि पुन्हा फुकटचाच निघाला, तर करडू जाणार. न करावा, तर करडू राखायचं तरी कशाला?

"खिशात काय हाय?"

हिरासिंगनं खिसे उलटे केले. कंगवा, रुमाल, किल्ली.

"करडू तुलाच ओरडून राहिलंय, हिरासिंग. फोन लावतो मी. दोस्ती मागून बघू."

"थांब रे." हिरासिंगनं हॉटेलाकडं चोरून बघितलं. "गळ्यात गाठ होती. नागपूरच्या दवाखान्यात किरणांचं औषध पाजलं. डॉक्टर बोले, थोडे दिवस अंगातून किरण निघतील, कुणाला खेटू नको. तुला सांगितलं असतं तर फाटाभर झालं असतं. मालकाला कळलं तर गाडी काढून घेईल." त्यानं दवाखान्याचं कार्ड दगडाखाली ठेवलं आणि स्वतः मागं सरला.

ग्यानबानं कार्ड उचललं आणि फोन लावलाच. साहेबांनी दवाखान्यात विचारलं, परत फोन केला.

"खरं आहे. पण ट्रक नाही, माणूस आहे, हे कसं ओळखलंस?"

"साहेब, सगळा कळप खोकत नसतो. कोण खोकललं ते बघावं लागतं."

साहेब नाकातच हसले. "हं. यंत्र राहू दे तुझ्याकडेच."

फोन ठेवतो न ठेवतो तोच नीलाबाई पदर खोचून आली. मागं सगळं हॉटेल कान टवकारून. "घावला का उत्सव?"

ग्यानबानं लिंबाकडं पाहिलं. हिरासिंग मान खाली घालून बसला होता.

"कशाचा वो! करडू पुन्हा फुकट बोंबललं."

हॉटेलभर हशा उसळला. ग्यानबा चहाचा कप घेऊन लिंबाकडं निघाला. काखेतलं करडू टिकटिकलं तसा एकेक पाऊल मागं सरत राहिला. जिथं करडू गप्प झालं, तिथं दगड मांडून त्यावर बसला.

"हिरासिंग," तो तिथून ओरडला, "साखर बराबर हाय का?"