एजंटने दिलेला शब्द
पिठल्याचा वास आला की वडील गेले ती दुपार आठवते. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणतात. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सेक्रेटरींच्या नावाने त्यांच्या एआय एजंटने लिहिलं, ‘काही लागलं तर हक्काने सांगा.’ मी लिहिलं, ‘चौघांचा पिठलं-भात.’ लगेच उत्तर आलं, ‘नक्की!’ पण दोन वाजले तरी कोणी फिरकलं नाही. सुतकात दुसऱ्याच्या दारी जात नाहीत. तरी मी रिकामं पातेलं घेऊन सेक्रेटरींच्या दारी गेले. “अहो, मी वाचलंच नाही, एजंट परस्पर उत्तरं देतो,” सेक्रेटरी म्हणाले. “शब्द तुमच्या नावाने दिलाय. थांबते मी,” म्हणत मी उंबऱ्यातच बसले. शेवटी त्यांनी स्वतः बेसन कालवलं, गुठळ्यांसकट. आजही तो एजंट कोणाला ‘हक्काने सांगा’ म्हणाला, की मी खाली लिहिते, ‘जाताना पातेलं घेऊन जा.’