पाचव्या पंपातली धूळ

निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. खुनाच्या आणि दरोड्याच्या फाइली डोक्यातून हळूहळू पुसट होत चालल्या आहेत. पण मुठीत मावेल एवढ्या एका यंत्राच्या चोरीचा तपास मला अजून जसाच्या तसा दिसतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून कामावर आहेत.

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या ठाण्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. ते दिवस आठवले की आधी वास आठवतो. वितळलेल्या लोखंडाचा, जळक्या वाळूचा आणि हंगामात वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसायचे. आमचे हवालदार आजऱ्याचे. घरचे काजू ते कागदाच्या पुडीत टेबलावर ठेवत, आणि पुडी संपेपर्यंत कुणावर आवाज चढवत नसत. आता घरी चहा वेळेवर मिळतो, पण त्या टेबलावरच्या गप्पा मिळत नाहीत.

अशाच एका सकाळी एका फौंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्याचा, सुपरवायझर फिर्याद द्यायला आला. सोबत तिशीतल्या एक मॅडम होत्या. त्या एका प्रयोगशाळेतर्फे कारखान्यातल्या हवेतली धूळ मोजायला आल्या होत्या. त्यांच्या पाच पंपांपैकी एक आदल्या दिवशी संध्याकाळी गायब झाला होता.

"कसला पंप?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटार आली होती.

मॅडमनी पिशवीतून तसाच दुसरा काढून दाखवला. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची एक डबी, तिला जोडलेली नळी, आणि नळीच्या टोकाला कॉलरला लावायचं बोटभर लांबीचं नरसाळं. त्याला त्या सायक्लोन म्हणत होत्या.

"माणूस आठ तास हे अंगावर घालून काम करतो," त्या म्हणाल्या. "पंप हवा ओढतो. सायक्लोनमध्ये ती भोवऱ्यासारखी फिरते. जाड धूळ खालच्या टोपीत पडते आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी बारीक धूळ तेवढी वरच्या फिल्टरवर बसते. तो फिल्टर आम्ही वजन करून तपासतो."

गुन्हा नोंदवून घेतला. खरं सांगायचं तर मला तो किरकोळच वाटला होता.

दुपारी आमच्या खबऱ्याचा निरोप आला. फेटलिंग खात्यातला, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडी कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासणारा, एक कामगार काल, रोज पिशवीत असणारा जेवणाचा डबा हातात आणि पिशवी छातीशी धरून बसमध्ये चढला होता. राहायला मंगळवार पेठेत. दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या खोलीवर गेलो.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. आम्हाला बघून पळाला नाही की रडला नाही. बायको मात्र दारातच म्हणाली, "पावणं, माझा मालक चोर न्हाय." हवालदारांनी मांडणीवरची पितळी कळशी पाहिली. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या दाबून भरल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध तो पंप नरसाळ्यासकट सरळ उभा होता. पंचनाम्यासाठी हवालदार तो उचलून पिशवीत टाकणार, एवढ्यात तो माणूस पहिल्यांदा बोलला. बोलला कसला, ओरडलाच.

"सायेब, आडवं करू नगा! उलटं तर आजिबात नगं!"

"का रे?"

"मॅडमनी सांगितलंय. उलटं झालं की खालची जाड धूळ वर जाती. मग समदं वाया जातंय."

नोकरीत मी पुष्कळ मुद्देमाल पाहिला. कडब्यात, पाण्याच्या टाकीत, एकदा तर देवाच्या पालखीखाली. पण चोरलेल्या वस्तूचं काही बिघडू नये म्हणून जीव टाकणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. मी हवालदारांना म्हटलं, "कळशीसकट घ्या." जीपमध्ये ती कळशी त्यांनी लेकरासारखी मांडीवर धरली.

ठाण्यात त्याला बसवलं, पाणी दिलं. तासभर तो "चुकलं सायेब" यापलीकडे गेला नाही. अशा वेळी दमदाटी करणारे अधिकारी असतात. मीही उमेदीच्या काळात केली आहे. पण धाकानं माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. मी मॅडमना बोलावून घेतलं.

सायक्लोनच्या वरची फिल्टरची छोटी डबी पारदर्शक होती. पंचांसमोर त्यांनी ती उजेडात धरली. मग आपल्या पेटीतल्या आदल्या दिवशीच्या बाकीच्या चार डब्या काढून टेबलावर शेजारी मांडल्या. चारही फिल्टर पांढरेफेक होते. पाचवा राखाडी, जवळजवळ काळा. पंपावरची नोंद पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, हा पूर्ण पाळीभर चाललाय. पाचही पंप एकाच खात्यातले, एकाच दिवसाचे. असा फरक पडूच शकत नाही."

मी त्या कामगाराकडे वळलो. "आता सांग."

"सकाळी मॅडम आमच्या अंगावर पंप लावून हापिसात गेल्या," तो म्हणाला. "त्यांची पाठ फिरली की सुपरवायझर समद्यांचं पंप काढून घेतोय. लाकडी साचं ठेवायच्या खोलीत फॅनखाली टांगतोय. गेल्या साली बी तसंच. रिपोर्ट आला, हवा चांगली हाय! माझा जोडीदार बारा वर्सं माझ्या शेजारच्या मशीनवर हुता. आता दोन पावलं चालला की धाप लागती. डाक्टर टीबीच्या गोळ्या देत्यात, त्येला गुण न्हाय. म्हून या बारीला मी म्हटलं, माझा पंप मगाशीच दिलाय की. आणि घालून बसलो. धुळीत कोण कुणाला बघतंय?"

"मग संध्याकाळी मॅडमना का नाही दिलास?"

"त्यो त्यांच्या शेजारीच उभा हुता. त्येच्या हातात गेला असता तर फिल्टर बदलला असता. आज सुट्टी टाकून मॅडमना गाठणार हुतो. तेवढ्यात तुमी आला."

मॅडमचे डोळे भरून आले. "गरम लोखंड ओततायत, आत येऊ नका, असं मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. दर तासाला जाऊन बघणं, पंप स्वतःच्या हातानं काढणं हे माझं काम होतं."

सुपरवायझरला बोलावलं. आधी त्यानं आवाज चढवला. मग टेबलावरच्या पाच डब्या पाहिल्या आणि खुर्चीत खचला. "रिपोर्ट वाईट आला तर खातं बंद पडंल, साहेब. मालकानं तोंडानं कधी सांगितलं न्हाय, पण विचारलंबी न्हाय. मी तरी काय करणार?" तो दुष्ट नव्हता. त्याचीही उमेद त्याच धुळीत गेली होती, हे त्याच्या खोकल्यावरून कळत होतं.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं की घरी नेलेला नमुना अहवालात धरता येणार नाही. पण पुन्हा मोजणी मागायला तेवढं पुरेसं होतं. मी सगळ्यांचे जबाब आणि पंचनामा जोडून कारखाने निरीक्षकांना पत्र लिहिलं. पंधरवड्यानं फेरमोजणी झाली. त्या दिवशी मॅडम पाळीभर खात्यातून हलल्या नाहीत आणि मीही साध्या कपड्यांत तिथेच थांबलो. ग्राइंडर सुरू झाले आणि समोरच्या खिडकीतल्या उन्हाचा पट्टा दिसेनासा झाला. दुपारी रुमालानं नाक पुसलं तर रुमाल काळा. मी एक दिवस होतो. ते वर्षानुवर्षं.

या वेळी पाचही फिल्टर काळे निघाले. कारखान्याला नोटीस गेली. खातं बंद पडलं नाही. मशीनवर धूळ ओढणारे पाइप बसले, वाळू ओली करूनच झाडायची असं ठरलं आणि सगळ्या कामगारांच्या छातीचे फोटो काढले गेले. सुपरवायझरचाही काढला, त्यालाही औषध सुरू झालं. चोरीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक हेतूच नव्हता, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मान्य झाला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? फिर्याद कोण देतो यावरून चोर ठरवण्याची घाई मी तेव्हापासून सोडली. आणि आरोपी काय बोलतो त्याआधी तो काय जपतो, हे बघायला लागलो. पुढच्या नोकरीत याचा मला फार उपयोग झाला.

काही महिन्यांनी त्या पंपवाल्या कामगाराच्या आजारी जोडीदाराचा निरोप आला, साहेबांना एकदा भेटायचंय. मी गेलो. त्याला अंथरुणावरून उठवत नव्हतं. नव्या तपासणीत त्याचा आजार टीबी नसून वाळूच्या धुळीचा निघाला होता. तो बरा होणारा नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. तरी चेहरा हसरा होता.

"सायेब, ह्यो आजार दुसऱ्याला लागत न्हाय म्हणं," तो म्हणाला. "चार वर्सं माझं ताट येगळं हुतं. नातीला जवळ घेत नव्हतो."

त्याची सून आतून जेवण घेऊन आली. ताट एकच होतं. चार-पाच वर्षांची नात पळत आली, त्याच्या अंथरुणावर चढून बसली आणि आजोबाच्या ताटातली भाकरी मोडायला लागली.