मोहनमाळ कुठं ठेवली, ते मला स्पष्ट आठवतं!

गेली बावीस वर्षं मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, आणि 'स्मरण व विस्मरण' हा माझा हातखंडा धडा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची हकीकत वाचून तुम्हाला वाटायचं की या माणसाला काही कळत नाही. कळतं सगळं. आठवत नाही, एवढंच!

गेल्या मे महिन्यात भिंगारला माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. संध्याकाळी हळद. आम्ही केडगावात राहतो, म्हणजे शहर ओलांडलं की भिंगार, त्यामुळं घाई अशी काही नव्हती. सकाळी मी दाढी करत असताना बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, आईची मोहनमाळ काढून द्या ना. दिवाळीच्या सुट्टीत फिरायला गेलो तेव्हा तुम्हीच ठेवली होतीत."

"देतो की!" म्हणून मी अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून कपाटापाशी गेलो. दार उघडलं. आणि उभा राहिलो.

"काय झालं?"

"काही नाही. आठवतोय."

सुनंदाचा चेहरा उतरला. ही माळ म्हणजे माझ्या सासूबाईंची शेवटची खूण. दोघी बहिणींनी ती तोडून वाटून घेतली नव्हती. थोरली म्हणून सुनंदाकडं ठेवायची आणि लग्नकार्यात दोघींनी आलटूनपालटून घालायची, असं ठरलेलं. धाकटी लता शनिशिंगणापूरला दिलेली. हळदीला माळ घालायची पाळी तिचीच होती आणि दुपारी ती आमच्याकडंच येणार होती.

"लताला यातलं एक अक्षर कळता कामा नये," सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली. "ती यायच्या आत शोधा!"

माझी आई पाथर्डीकडची. ती जपमाळ ओढता ओढता म्हणाली, "आरं, पिठाच्या डब्यात न्हाई ना ठिवली? माझी आय तितंच ठिवायची."

आणि काय सांगू! डब्याचं झाकण, मनगटाला लागलेलं पीठ, आत ढकललेली पुरचुंडी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "पिठातच! मला अगदी स्पष्ट आठवतंय!" मी ओरडलो आणि भरलेला डबा ओट्यावर उपडा केला. पीठ ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, तिथून पंख्याच्या वाऱ्यानं आईच्या अंगावर! माळ नव्हती.

"बाबा," माझी मुलगी मुक्ता शांतपणे म्हणाली, "दिवाळीचं पीठ मे महिन्यापर्यंत राहतं का आपल्याकडं?"

(हे तिनं डबा उपडा करण्याआधी विचारायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे.)

"मग माळ्यावरच्या गाद्यांत असेल," सुनंदा म्हणाली. लगेच मला गादीची उसवलेली शिवण दिसली. तिच्यात जाणारी माझी दोन बोटंसुद्धा दिसली! "गादीतच!" तीन गाद्या उसवल्या. घरभर कापूस झाला. तेवढ्यात शेजारचे गाडेकाका कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "सर, आमच्या मेहुण्यानं एकदा कुंडीत पुरलं होतं बरं का सोनं!" झालं! मला हाताला लागलेली ओली मातीसुद्धा आठवली. जास्वंदीच्या दोन्ही कुंड्या फुटल्या.

आता मुक्ता बी.ए.ला मानसशास्त्रच घेऊन शिकते, आणि दुर्दैवानं माझ्याच नोट्स वाचते. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कुणी काही सुचवायचंच नाही. जे विचारू ते तुम्हाला आठवतंय! तुम्हीच शिकवता ना, प्रश्नातलं आठवणीत मिसळतं म्हणून? त्यापेक्षा ज्या परिस्थितीत वस्तू ठेवली, तीच परिस्थिती परत तयार करू. आपोआप आठवेल."

शास्त्र बरोबर होतं. पण दिवाळीत मला सर्दी झाली होती. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी मला स्वेटर, मफलर आणि माकडटोपी चढवण्यात आली, हातात बॅग देण्यात आली.

"आई, त्या दिवशी तू काय म्हणत होतीस ते म्हण."

"काय म्हणत होते मी?" सुनंदानं मला विचारलं.

"'आवरा लवकर, तुमच्यामुळं नेहमी उशीर होतो.'"

"ते तर मी रोजच म्हणते!"

तरी ती म्हणाली. मी डोळे मिटून घरभर चालू लागलो. हॉल, बेडरूम, मागचं दार... पायात फुटकी कुंडी आली आणि मी बॅगेसकट बुटक्या कंपाउंडवरून गाडेकाकांच्या अंगणात जाऊन पडलो. गाडेकाकू वाळवण राखत बसल्या होत्या. मेच्या उन्हात माकडटोपी घातलेला, पिठानं माखलेला माणूस बॅग घेऊन कुरडयांवर पडलेला पाहून त्या जे "चोर! चोर!" ओरडल्या, त्यानं अख्खी गल्ली जमा झाली! मी घाईघाईनं टोपी काढली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले सर." त्यापेक्षा चोर परवडला असता.

घरी आलो तर सुनंदा कापसाच्या ढिगात बसली होती. मला वाटलं, आता फैलावर घेणार. पण ती हळूच म्हणाली, "राहू द्या हो. गेली तर गेली. तुम्हाला लागलं का कुठं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बावीस वर्षांची नोकरी, एम.ए.ची डिग्री, सगळं त्या पिठात मिळाल्यासारखं वाटलं मला.

आणि नेमकी तेव्हाच लता दारात आली. "अगं बाई! चोरी झाली की काय?"

लतानं मला दाराबाहेरच्या ओट्यावर ओढलं. "दाजी, आता तरी ताईला सांगू का? सहा महिने पोटात ठिवलंय मी!"

"काय?"

"काय म्हंजे? माळ! दिवाळीत तुमीच आणून दिली ना शिंगणापूरला? 'केडगावात चोऱ्या लई वाढल्यात, तुझ्या घराला दारच न्हाई तर चोर फोडणार काय,' म्हणालात. ताई चिडंल म्हणून शनिदेवाची शपथ घातलीत, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून!" तिनं पर्समधून लाल फडक्यातली माळ काढली.

देवाशपथ सांगतो, मला त्यातलं काहीही आठवेना. जे कधी घडलंच नाही ते मला पिठासकट, मातीसकट आठवत होतं, आणि जे घडलं त्याच्या जागी नुसता कोरा फळा!

सुनंदा मागं येऊन उभी होती. तिनं माळ पाहिली, मग मला पाहिलं. भुवयांवर पीठ, मफलरला चिकटलेली कुरडई. आणि ती हसत सुटली. लताच्या गळ्यात पडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईनं जपमाळ खाली ठेवली आणि तीही सामील झाली. हळदीला माळ लतानं घातली, लग्नाला सुनंदानं.

लग्न आटोपून घरी आल्यावर सुनंदानं ती स्वतः ठेवली. मी जरा अपराधीपणानं म्हणालो, "कुठं ठेवलीस ते मला सांगू नकोस बाई."

"सांगते की!" ती म्हणाली. "तुम्हाला सांगणं म्हणजे कुणालाच न सांगणं."

आणि तिनं खरंच सांगितलं. एवढा विश्वास आहे तिचा माझ्यावर! तो मी आजवर मोडलेला नाही. मोडायचा म्हटलं तरी मोडता येणार नाही!