मामांच्या फोनमधलं मंगलकार्य

माझ्या मामांची स्मरणशक्ती तशी बेताची आहे. पण कुणी घरी येऊन अक्षता दिल्या, कुणी पत्रिका दुसऱ्याच्या हाती धाडली आणि कुणी नुसत्या फोनवर भागवलं, हे त्यांना गेल्या कित्येक वर्षांचं तोंडपाठ आहे. गावाकडच्या एका सोसायटीचे ते एकेकाळी चेअरमन होते. सोसायटी बंद पडून बराच काळ लोटला, चेअरमनपद अजून चालू आहे. अशा माणसाच्या हाती आलेली पत्रिका न उघडता राहणं शक्यच नव्हतं.

ती आली गुरुवारी सकाळी, ऐन लगीनसराईत, व्हॉट्सॲपवर, भावकीतल्या एकाच्या नंबरवरून. ‘आमच्या घरी मंगलकार्य आहे. पत्रिका उघडून पाहावी व सहकुटुंब यावे.’ मामांनी बोट लावलं. फोन म्हणाला, ही फाइल धोकादायक असू शकते. मामांनी ‘तरीही’ दाबलं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घेऊ का? मामा म्हणाले, “अनोळखी कसला? आपल्या चुलत्याचा नातू हाय,” आणि ‘हो’ दाबलं. मग फोननं विचारलं, या ॲपला तुमचे मेसेज वाचू देऊ का? “वाचू दे की, चोरीचं काय हाय त्यात?” स्वतःच्या मुलीच्या स्थळांना चार वर्षं नकार देणाऱ्या माणसानं फोनला मात्र तीनदा होकार दिला. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. चुलत्याच्या नातवानं कोरी पत्रिका पाठवली, असा निष्कर्ष काढून मामा दाढी करायला गेले.

ते परत येईपर्यंत तीच पत्रिका, त्याच शब्दांत, मामांच्या नंबरवरून त्यांच्या फोनमधल्या प्रत्येक माणसाला गेली होती.

मामांना एकच मुलगी. म्हणजे त्यांच्या घरचं मंगलकार्य कुणाचं, याचा अंदाज करायला कुणाला अक्कल लागत नव्हती. आणि खरी अडचण तिथंच होती. मुरूमच्या एका घराशी तिचं जवळजवळ ठरत आलं होतं. मुलगा उमरग्याला शिक्षक, बापाचं मुरूमला अडत दुकान. दोन्हीकडून पसंती होती आणि त्याच रविवारी मुरूमकर सुपारी फोडायला येणार होते. तीन दिवस आधी मुलीच्या बापाच्या नंबरवरून त्यांना मुलीच्याच लग्नाची पत्रिका गेली. त्यांनी काय समजायचं?

मी धाराशिवला एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांशेजारी बसणाऱ्याला सगळं येतं, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. पत्रिका मलाही आली होती. मी ती उघडली नाही, पण त्याचं श्रेय सावधपणाला देता येत नाही. मी कुणाच्याच पत्रिका उघडत नाही. मामीचा फोन आला तेव्हा प्रकरण कळलं. मामांचा फोन विमान मोडवर टाकायला सांगितलं, उपायाची माहिती शोधून जुन्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर उतरवून घेतली आणि तुळजापूरची गाडी धरली.

मामांच्या गावी, तामलवाडीत पोचलो तर ओसरीवर दहाबारा माणसं बसलेली. मामांचा फोन बंद म्हणून लोक मामीच्या फोनवर बोलत होते आणि मामी स्पीकर लावून ऐकवत होत्या.

“वयनी, चेअरमनसायबाला सांगा, आमाला मोबाइलवर बोलावता व्हय? अक्षता द्यायला मानूस मिळंना का?”

“अवो, लगीनच न्हाय आमच्यात.”

“आता असं म्हणा! आमी येतच न्हाय, जावा.”

ही एकट्याची तक्रार नव्हती. मी तासभर ऐकलं. त्या तासात व्हायरसबद्दल एकानंही विचारलं नाही. सगळा राग मानपानाचा. कुणाला घरी जाऊन सांगितलं नव्हतं, कुणाला शेवटच्या दिवसांत कळवलं होतं. एका मावशींनी तेवढं विचारलं, “पत्रिका उघडंना बाई, कार्यालय कंचं धरलंय?” दुसरीकडचा एकजण म्हणाला, “म्या उघडली. फोन लई गरम झालाय, हातात धरवंना.” त्याला मी फोन ताबडतोब बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, “बंद करतो, पन तारीख तेवढी सांगा.”

ओसरीवरच्या मंडळींचे उपाय तयारच होते. एकानं फोन तांदळात पुरायला सांगितलं. तो पाण्यात पडलेल्या फोनचा उपाय आहे, हे त्याला मान्य होतं. पण तांदळानं नुकसान तर होत नाही ना, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यानं तुळजापूरच्या मोबाइल दुकानात फोन करून सल्ला आणला होता. फॉरमॅट मारा, संपला विषय.

“फॉरमॅट म्हणजे काय करत्यात?” मामांनी मला विचारलं.

“सगळं पुसून फोन कोरा करतात.”

“सगळं? सत्काराचे फोटो?”

“तेही.”

मामांनी क्षणभर विचार केला. “मग ऱ्हाऊ दे व्हायरस.”

मामांच्या फोनमध्ये शाल-श्रीफळ घेतानाचे इतके फोटो होते, की एखाद्या अनोळखी माणसाला ते नारळाचे व्यापारी वाटावेत. सगळं पुसणं हा शेवटचा उपाय, आधी दुसरा करून बघू, असं म्हणून मी कार्ड बाहेर काढलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला ‘शेळीपालन’ असं लिहिलेलं होतं. ते वाचून ओसरीवर कुजबुज झाली.

आधी सिम काढलं. मामीच्या फोनवरून बँकेला कळवून मामांचं खातं तात्पुरतं थांबवलं. मग फोन बंद करायचं बटण दाबून धरलं आणि पडद्यावर ‘बंद करा’ आलं त्यावर बोट तसंच रोवून ठेवलं. फोननं विचारलं, सेफ मोडमध्ये जायचं का? हो म्हटलं. फोन पुन्हा चालू झाला आणि खाली कोपऱ्यात ‘सेफ मोड’ अशी अक्षरं आली.

“म्हणजे काय?” मामा.

“सुरक्षित. यात बाहेरून घेतलेली ॲपं झोपलेली असतात. त्यांना फोनमध्ये काही करता येत नाही.”

“मग इतके दिवस आमी असुरक्षितमधी व्हतो व्हय? कंपनीनं सांगायला नको?”

सेटिंगमध्ये जाऊन ॲपांची यादी काढली. यादीत सगळ्यांना नाव आणि चित्र होतं. एकाला दोन्ही नव्हतं. नुसती रिकामी ओळ. तिथं बोट लावलं तर ‘काढून टाका’ हे बटण करडं पडलेलं. दाबलं तरी दाबलं जात नव्हतं. कार्डावर याचं कारण होतं. हे ॲप फोनचं प्रशासक होऊन बसलेलं असतं. आधी त्याचं पद काढून घ्यायचं, मग त्याला काढायचं.

हे मी मोठ्यानं वाचलं आणि मामांचा चेहरा पडला. चोर घरात शिरला याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. पण त्यानं पद मिळवलं, हे त्यांना लागलं.

“माझ्या फोनमधी याला प्रशासक नेमला कुणी?”

“तुम्हीच. तीन वेळा हो दाबलं त्यातच.”

ओसरीवरचा एक म्हातारा खोकत म्हणाला, “चेअरमन, अविश्वास ठराव आना. तुमच्यावर आनला व्हता तसा.”

“तुमी गप बसा हो नाना!”

सुरक्षेच्या पानावर प्रशासकांची यादी सापडली. रिकाम्या ओळीसमोरची खूण काढली. फोननं अखेरचं विचारलं, खरंच काढू? मामा म्हणाले, “आता विचारतंय भाड्या,” आणि माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी स्वतः ‘हो’ दाबलं. चौथा होकार. मग ‘काढून टाका’ बटणाला रंग चढला, ते दाबलं, रिकामी ओळ गेली. अनोळखी ठिकाणची ॲपं घ्यायची परवानगी बंद केली. फोन नेहमीसारखा चालू केला, प्ले स्टोअरकडून तपासून घेतला, सिम घातलं, नवा कोड मागवून व्हॉट्सॲप ताब्यात घेतलं. सत्काराचे फोटो जागच्या जागी होते. मामांनी ते एकदा सगळे बघून खात्री केली. त्याला वेळ लागला.

लोकांना कळवायचा मजकूर मामांनी सांगायला घेतला. “समस्त आप्तेष्ट, सोयरे व हितचिंतकांस कळविण्यात अत्यंत खेद वाटतो की काही समाजकंटकांनी...” मी लिहिलं, ‘ती पत्रिका उघडू नका. फोन बिघडला होता.’ खाली ‘माजी चेअरमन’ घालायचा त्यांचा आग्रह मी मोडला नाही.

मुरूमचा फोन मात्र बंद होता. गुरुवारी दिवसभर बंद, शुक्रवारी सकाळी बंद. मुलाचा नंबर आमच्याकडं नव्हता. बायोडाटावर बापाचाच नंबर असतो, आणि सुपारीआधी मुलामुलीनं बोलायचं नाही, हा मामांचा नियम. मध्यस्थ तर रुसूनच बसला होता. आपल्याला न सांगता दुसरीकडं ठरवलं, असं तोही धरून चालला होता. मामांनी स्वतः मुरूमला जावं म्हटलं, तर मुलीचा बाप न बोलावता कसा जाईल? गेला म्हणजे विनवणी करायला गेला.

मामेबहीण तुळजापूरच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. कमी बोलते. तिनं मला दारापाशी गाठलं.

“दादा, मला तो मुलगा पसंत हाय. ह्या दोघा बापांचा मान सांभाळायचं तुम्ही बघा.”

शुक्रवारी दुपारी मी नळदुर्गवरून मुरूम गाठलं. निघताना मामांनी बजावलं होतं, “भाचे, फोन आपोआप बिघडला म्हणून सांगा. म्या बोट लावलं म्हणून सांगू नका.”

मुलाचे वडील उंच, टोपी घातलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला गादीवर बसवलं. आतून चहा आला. नुसता चहा. मागच्या खेपेला याच घरात चहाआधी पोहे आणि पोह्यांवर शेव आली होती, तेव्हा आमचा भाव किती उतरलाय हे बशी न बघताच कळलं.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “पत्रिका पोचली.”

मी सगळं सांगितलं. व्हायरस, आपोआप बिघडलेला फोन, सगळीकडं गेलेली पत्रिका. ते भिंतीकडं बघत ऐकत होते. आतल्या खोलीत एक म्हातारी बाई मराठीत आणि कन्नडमध्ये आलटून पालटून कुणाला तरी काहीतरी विचारत होती.

“आसं असंल,” ते शेवटी म्हणाले. “पन शिकलेली मानसं असल्याला फसत न्हायत.”

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “मग सांगा की पाव्हण्यांस्नी. तुमचा फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात का ठिवलाय, ते बी सांगा.”

 मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आपल्याला हो म्हणून दुसरीकडं ठरवलं, तर कुनाशी ठरवलं ते तरी बघावं म्हटलं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “म्हणून उघडली. मग आमच्याकडनं बी सगळीकडं गेली. मी फोनच बंद करून टाकला. आता आळंदची आमची आत्या कर्नाटकातनं पिशवी घेऊन आलीय, आन् हळद कधी म्हणून विचारायलीय. तिला सांगायचं काय?”

म्हातारी दारात येऊन उभी राहिली. मला नखशिखांत बघून म्हणाली, “ह्योच का नवरीचा भाऊ? वाळलाय लई.”

गृहस्थ माझ्याकडं सरकले. “पाव्हणं, ते काढता येतं का तुमाला?”

मी खिशातून कार्ड काढलं. डाळ झटकून फोन चालू केला. सेफ मोड, रिकामी ओळ, प्रशासक, सगळं तेच. इथं अविश्वास ठराव बिनविरोध झाला. काम चालू असताना आतून पोहे आले. शेव नव्हती, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

“रविवारी आमी येतो,” फोन हातात घेऊन ते म्हणाले. “येवढ्या लोकांस्नी लगीन न्हाय म्हणून सांगत बसण्यापरीस लगीन केलेलं सोपं. पन तुमच्या मामास्नी ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय.”

रविवारी ते आले. आत्याही आल्या. सुपारी फुटली. चहा घेताना मामा म्हणाले, “लोकं कशाला असल्या पत्रिका उघडत्यात, कळत न्हाय.” मुलाचे वडील म्हणाले, “अडानीपणा, दुसरं काय.” दोघांनी गंभीरपणे मान हलवली. दोघांपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही.

सुपारी फुटल्यामुळं मुलामुलीला बोलायला परवानगी मिळाली, तीही माझ्या देखत. आतल्या खोलीत दोघं दोन खुर्च्यांवर, मी धान्याच्या कणगीला टेकून वर्तमानपत्रात डोकं घातलेलं. पान उलटं धरलं होतं की सुलटं, ते आता आठवत नाही.

“अप्पांनी फोन माझ्यापुढं धरला होता,” मुलगा म्हणाला. “मला उघडंना, तू उघड म्हणाले. मी नाही उघडली. मग त्यांनीच दाबलं.”

“कळलं होतं व्हय तुम्हाला, व्हायरस हाय म्हणून?” बहिणीनं विचारलं.

“नाही. नवरदेवाचं नाव वाचावं वाटंना.”

ती हसली नाही. तिनं हात पुढं करून त्याचा फोन मागितला, त्यात स्वतःचा नंबर घातला आणि परत दिला. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो.