अजिनाथ शब्द सोडायचा नाही

या अजिनाथनं मला पाडलं. पंचायत समितीला. आमच्या काष्टीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

तेव्हा केबलवर गावच्या बातम्या लागायच्या आणि उमेदवारांच्या मुलाखती अजिनाथ घ्यायचा. हातात कागद नाही, काही नाही. समोरच्याच्याच बोलण्यातला एक शब्द धरायचा आणि तिथूनच पुढचा प्रश्न काढायचा. मी ऐटीत म्हणालो, "गावाला पाणी देणार."

"कुठलं पाणी, रामहरीभाऊ?"

"कॅनॉलचं."

"कॅनॉलला कवा येनार?"

"धरणातनं आवर्तन सुटलं की."

"आवर्तन कोन सोडनार?"

"ते मला काय माहीत!"

झालं! बोलून बसलो. घरोघरी लोक पोट धरून हसले.

लई दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही. पण खरं सांगू? त्याच्यासारखं माझं कुणी ऐकलंच नाही. आता पोरं मोबाईल घेऊन येतात. आपण रस्त्याचं सांगत असतो अन् ती मध्येच विचारतात, युतीचं काय? मग त्यातलंही कापून-छाटून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. कसली मुलाखत अन् कसलं काय! अजिनाथसमोर घाम फुटायचा, पण ते दिवस गेले याचं आजही वाईट वाटतं.

यंदा त्याला अर्धांगवायूचा झटका आला. मी केडगावला त्याच्या घरी भेटायला गेलो, तर गडी भिंतीकडं तोंड करून बसलेला. त्याची बायको, चांगुणावहिनी, रडकुंडीला आलेली.

"डॉक्टर म्हनत्यात, बोलतं ठेवा, न्हाईतर हाय ती वाचा पन जाईल. मी किती इचारते, जेवता का, दुखतंय का, टीव्ही लावू का. एक शब्द बोलत्यात अन् गप."

"तुमी थांबा वहिनी," म्हणत मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "बोल रे, काय म्हनतोस?"

जड जिभेनं तो म्हणाला, "बाजार."

"कुठला बाजार?"

"काष्टी."

"काष्टीत काय बघायचंय?"

"बैल."

"कसला बैल पायजे?"

"खिल्लार." तोंड वाकडं झालेलं, तरी हसला बेटा.

चहा गार झाला तरी आमचं बैलांवरच चाललेलं. पण विचारायचं मीच. मी थांबलो की तोही थांबायचा. ज्यानं अख्ख्या तालुक्याला प्रश्न विचारले, त्याच्या तोंडून एक साधा प्रश्न निघेना.

शेवटी उठलो. चपला घालताना, पुढाऱ्याची सवय, सहज बोलून गेलो, "येतो परत, उद्या-परवा."

मागून अडखळत आवाज आला, "उद्या... का... परवा?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला तर हुंदकाच फुटला. वळून म्हणालो, "उद्या. सकाळी. धा वाजता."

अन् दहाच्या आधीच जाऊन बसलो.